अनाथ बालकांचे पालनकर्ते व त्यांच्या पात्रतेची जाहीर नोंद

पेण तालुक्यांतील जिते हें गांव इतिहासाच्या ग्रंथांतून आढळणारें नव्हे. पनवेल-रोहा लोहमार्गावर आपटें व हमरापूर यांच्यामध्यें त्या नांवाचें स्थानक आहे, तेवढ्यावरून बाहेरच्यांस तें ठाऊक असतें. तथापि ज्या प्रश्नाचा येथें विचार करावयाचा आहे त्याची खरी कसोटी अशाच गांवीं लागते, म्हणून आरंभींच त्याचें नांव घेतलें. प्रश्न असा कीं, आईबापांवेगळें झालेलें मूल जेव्हां सरकार, संस्था अथवा एखादा परका गृहस्थ यांच्या हातीं जातें, तेव्हां त्या हातांची पात्रता कोणीं पाहिली, कोणत्या आधारावर ठरविली, आणि तो आधार जिते येथील एखाद्या आजीला किंवा चुलत्याला, मागितल्यास, वाचावयास मिळतो काय?

हा विषय आजच्या समाजकार्याचा आहे, इतिहास-संशोधनाचा नव्हे, असें कित्येकांस वाटेल. परंतु ज्यास कागदांची संवय आहे त्याच्या हें ध्यानांत येईल कीं, हा मुळांत दप्तराचाच प्रश्न आहे. कोणाची नोंद ठेविली, कोणाची ठेविली नाहीं, कोणती उघड केली आणि कोणती दाबली, यावरच सर्व भिस्त आहे. गुप्तता मुलाची व मातेची राखावयाची आणि नांव मात्र पालनकर्त्याचें उघड ठेवावयाचें, हा क्रम आपल्याकडे १८६३ सालींच पुण्यांत एका गृहस्थानें घालून दिला होता. पुढें तो पुष्कळदां उलटा झाला. त्याची हकीगत पुढें दिली आहे.

जुन्या दप्तरांतून अल्पवयी मुलें दिसत नाहींत असें नाहीं; परंतु दिसतात तीं बहुधा वतनदारांचीं व सत्ताधीशांचीं. सवाई माधवरावाचा जन्म १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर झाला, आणि त्याच्या नांवें कारभार करणारे कोण, त्यांचा अधिकार कोणता, हें त्या काळच्या साऱ्या हिंदुस्थानास ठाऊक होतें. आमच्या रायगड जिल्ह्यांतीलच उदाहरणें घेतलीं तर कुलाब्याचे दुसरे रघूजी आंग्रे १८३८ सालीं वारले. त्यांच्या पश्चात् जन्मलेला मुलगा १८३९ सालीं गेला, आणि १८४० सालीं इंग्रजांनीं संस्थान खालसा केलें. कांहीं महिन्यांच्या त्या अर्भकाच्या श्वासावर एक राज्य टांगलेलें होतें, म्हणूनच तें अर्भक इतिहासांत उरलें. जंजिऱ्यास १९२२ सालीं सिद्दी महंमद खान हे अल्पवयी नबाब गादीवर आले व १९३३ पर्यंत त्यांच्या मातोश्री कुलसुम बेगम यांनीं कारभार पाहिला. याहि ठिकाणीं पालक कोण हा प्रश्न चव्हाट्यावरचा होता, कारण मुलाच्या मागें मुलूख होता.

इंग्रजी अमदानींतील १८९० चा पालक व पाल्य कायदा पाहिला तरी तोच कल दिसतो. मालमत्तेचा पालक नेमतांना न्यायालयास त्याच्याकडून जामीनकतबा घेतां येतो, स्थावराची यादी सहा महिन्यांच्या आंत मागतां येते, हिशेब तपासतां येतो. देहाच्या पालकाविषयीं मात्र त्याचें चारित्र्य व क्षमता विचारांत घ्यावी, एवढें एक वाक्य आहे. तें वाक्य चांगलें आहे. पण क्षमता कशी मोजावी व मोजल्याचा कागद कोठें ठेवावा, हें त्यांत नाहीं. ज्या मुलाच्या नांवें गुंठाभर जमीन आहे त्याच्या पालकास हिशेब द्यावा लागे. ज्याच्या नांवें कांहींच नाहीं, त्याच्या पालकाकडून कशाची यादी मागावयाची, असा सरळ व्यवहारी विचार त्यामागें असावा.

आतां १८६३ च्या पुण्याकडे वळूं. जोतीराव फुले यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरीं स्वयंपाकास असलेली काशीबाई नांवाची एक तरुण ब्राह्मण विधवा गरोदर राहिली. लोकलज्जेनें तिनें जन्मलेलें मूल मारून विहिरींत टाकलें. तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. यानंतर लगोलग जोतीरावांनीं आपल्या राहत्या आवारांतच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें, आणि त्याच्या छापील जाहिराती ब्राह्मण वस्तीच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर भिंतींना चिकटविल्या. ही हकीगत जोतीरावांनीं स्वतः ४ डिसेंबर १८८४ च्या एका इंग्रजी टिपणांत दिली आहे. मलबारी यांनीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांविषयीं जीं टिपणें सरकारपुढें मांडलीं त्यांवरील अभिप्राय म्हणून तें लिहिलेलें आहे.

या जाहिरातींचा प्रकार बारकाईनें पाहण्यासारखा आहे. येणाऱ्या स्त्रीनें गुप्तपणें यावें, बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा ठेवावें, तिची वाच्यता व्हावयाची नाहीं. तिच्या बाजूचें सारें झांकलेलें. परंतु ठेवणारा कोण, त्याचें घर कोठें, हें भिंतीवर छापून उघड केलेलें. ज्या भिंतीवर हा कागद लागला त्याच आळींत त्या गृहस्थाचे कट्टर विरोधक राहत होते, त्यांनींहि तो वाचला असलाच पाहिजे. पात्रतेचें प्रमाणपत्र म्हणून १८६३ सालीं कोणत्याहि पाठशाळेची पदवी दाखवितां आली नसती, कारण या कामाची पदवीच नव्हती. त्यांनीं स्वतःचें नांव व पत्ता पुढें केला, म्हणजे टीकेस व तपासणीस जागा करून दिली. पदवीच्या अभावीं याहून अधिक प्रामाणिक जाहीरनामा तो कोणता असणार?

याहूनहि विशेष गोष्ट त्याच १८८४ च्या टिपणांत आहे. गृह स्थापन झाल्यापासून पस्तीस गरोदर विधवा तेथें आल्या, त्यांच्या मुलांपैकीं पांच जिवंत आहेत, बाकीचीं तीस दगावलीं, असा आकडा जोतीरावांनीं स्वतःच दिला आहे. आणि गर्भ पाडण्यासाठीं मातांनीं घेतलेल्या विषारी औषधांनीं पोटांतच झालेली इजा हें त्यांनीं मृत्यूंचें कारण सांगितलें आहे. कारण खरें धरावें कीं न धरावें हा वैद्यकाचा प्रश्न; पण पस्तिसांत तीस हा आकडा लपविणें त्यांस अगदीं सोपें होतें. तो सरकारपुढें जावयाच्या लेखांत त्यांनीं घातला. अनाथगृहांचे जे अहवाल आपण चाळतों त्यांत उत्सव, देणग्या व पाहुण्यांचे शेरे यांची गर्दी असते; मृतांची संख्या असलीच तर शेवटच्या कोष्टकांत असते. याच गृहांत जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलास जोतीराव व सावित्रीबाई यांनीं १८७४ सालीं आपलासा केला. तोच पुढें डॉक्टर झालेला यशवंत.

पुण्याच्या मागून १८७५ सालीं पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर या न्यायखात्यांतील अधिकाऱ्यानें बालकाश्रमाची स्थापना केली व त्याचा भार पुढें मुंबईच्या प्रार्थनासमाजानें उचलला. वारीच्या गांवीं टाकलेलीं मुलें सांपडत, त्यांची ही सोय. येथें पालनकर्त्याची ओळख म्हणजे संस्थेची प्रतिष्ठा व तिच्या चालकांचें नांव. यानंतर बराच काळ हीच पद्धत राहिली. संस्थेच्या पत्रकावर वजनदार माणसांचीं नांवें छापावयाचीं, म्हणजे आंत मुलाला न्हाऊं-खाऊं घालणाऱ्याची चौकशी करण्याची गरज राहत नाहीं, अशी समजूत त्यामुळें रूढ झाली.

ही समजूत किती ठिसूळ होती, हें पंडिता रमाबाई यांच्या शारदासदनाच्या वादांत दिसून आलें. सदन ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस उघडलें, १८९० च्या अखेरीस पुण्यास आलें. पैसा बोस्टन येथील रमाबाई असोसिएशनचा, आणि लोकांचा विश्वास बसावा म्हणून येथें सल्लागार मंडळ, त्यांत न्या. महादेव गोविंद रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे पुरुष. मुलींस पाठविणाऱ्या बापभावांनीं रमाबाईंची परीक्षा घेतली नव्हती. त्यांनीं रानडे-भांडारकरांचीं नांवें वाचलीं होतीं. सदनांतील कांहीं मुली ख्रिस्तधर्माकडे वळत आहेत, असा मजकूर अमेरिकेंतील एका ख्रिस्ती साप्ताहिकांत आला, तो केसरीनें येथें पुढें आणला, आणि वादास तोंड फुटलें. अखेरीस १८९३ च्या ऑगस्टांत सल्लागारांनीं आपला संबंध तोडला व कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या.

या वादांत कोणाची बाजू खरी, हें येथें ठरवावयाचें नाहीं. रमाबाईंचें म्हणणें असें कीं, आपण आपल्या मुलीसह प्रार्थना करितों ती आपल्या खोलीचें दार उघडें ठेवून करितों. ज्यांस यावेंसें वाटेल त्या येतात. आक्षेप घेणाऱ्यांचें म्हणणें असें कीं, तें उघडें दार हाच उपदेश आहे. दोन्ही पक्षांस एक गोष्ट मान्य होती, ती ही कीं, मुली ज्या बाईच्या हातीं आहेत तिची श्रद्धा, वर्तन व हेतु हा सार्वजनिक चर्चेचा विषय आहे, तिची खासगी बाब नव्हे. ही मान्यता मोलाची आहे. परंतु चर्चेचा भर सारा धर्मावर राहिला. रात्रीं मुलींजवळ कोण निजतें, आजारांत कोण पाहतें, शिकविणाऱ्या बाईनें स्वतः काय शिकलें आहे, हे प्रश्न त्या गदारोळांत मागें पडले. आमच्या समाजास पालनकर्त्याची जात व धर्म विचारावयाची संवय फार जुनी आहे, त्याची कुवत विचारावयाची संवय मात्र अद्यापहि पुरती लागलेली नाहीं.

धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापिली, ती हा सारा वाद डोळ्यांपुढें ठेवूनच. त्यांच्या द्वितीय पत्नी आनंदीबाई या शारदासदनाच्या अगदीं पहिल्या विद्यार्थिनींपैकीं होत. कर्व्यांनीं हिशेब व अहवाल छापून काढण्याची शिस्त लावली, आणि १९०८ सालीं निष्काम कर्ममठ काढून सेवकांस प्रतिज्ञाबद्ध केलें. प्रतिज्ञा घेतलेला सेवक ही पात्रतेची एक नवी कल्पना होती. ती परीक्षेची नव्हे, व्रताची. तरी व्रत घेणारा कोण हें लोकांस कळत होतें.

यानंतर कायद्याचा काळ येतो. मुंबई इलाख्याचा मुलांसंबंधींचा कायदा १९२४ सालचा. मुंबई शहरांत त्याचा अंमल १९२७ पासून सुरू झाला आणि त्याच वर्षीं चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. या कायद्याच्या परिभाषेंतील दोन शब्द संशोधकाचें लक्ष वेधून घेतील. एक ‘प्रमाणित शाळा’. प्रमाणपत्र मिळालें तें शाळेस, म्हणजे जागेस व संस्थेस. शाळेंतील माणसांस नव्हे. दुसरा ‘योग्य व्यक्ति’. मूल ज्याच्या स्वाधीन करावयाचें तो नातलग नसेल तर योग्य व्यक्ति असावा. हा शब्द १९०८ च्या इंग्लंडांतील कायद्यांतून इकडे आला आणि २०१५ च्या बाल न्याय अधिनियमांतहि टिकून आहे. योग्य कोण? ज्यास चौकशीअंतीं योग्य म्हणून मान्यता मिळाली तो. शंभर वर्षांत व्याख्येंत चौकशी हा शब्द आला ही प्रगति खरी. पण चौकशींत काय आढळलें तें प्रसिद्ध करावें, असें व्याख्येंत नाहीं.

शिक्षित कार्यकर्ता म्हणून कोणास बोट दाखवितां येण्याची सोय १९३६ सालीं झाली. त्या वर्षीं मुंबईस नागपाडा येथें क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या नेतृत्वाखालीं सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालें. हिंदुस्थानांतील समाजकार्याची ही पहिली पाठशाळा. १९४४ पासून तिचें नांव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस असें आहे.

एवढें सारें असतां काय घडूं शकतें, याचीं दोन उदाहरणें आमच्याच जिल्ह्याशीं निगडित आहेत. पहिलें मुरुडचें, ज्या मुरुडांत नबाबाच्या पालकाचा प्रश्न एकेकाळीं साऱ्या संस्थानास ठाऊक होता, तेंच हें गांव. ब्रिटिश नौदलांत नोकरी केलेल्या दोघा परदेशीयांचा संबंध असलेलीं ‘अँकरेज’ नांवाचीं निवारागृहें मुंबईस कुलाबा भागांत व मुरुडास होतीं. रस्त्यावरच्या मुलांस अन्न व आसरा देणारा परदेशी गृहस्थ, एवढी ओळख पुरेशी ठरली. तेथील मुलांवरील लैंगिक अत्याचारांबद्दल सत्र न्यायालयानें २००६ सालीं त्यांस दोषी धरलें. उच्च न्यायालयानें २००८ सालीं सोडलें. आणि सर्वोच्च न्यायालयानें १८ मार्च २०११ रोजीं शिक्षा पुन्हा कायम केली. दुसरें उदाहरण पनवेलजवळील कळंबोलीचें. बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलींच्या आश्रमांतील अत्याचार २०११ च्या सुमारास उघडकीस आले व २०१३ सालीं सत्र न्यायालयानें संस्थाचालकासह सहा जणांस दोषी ठरविलें. या मुलींपैकीं कित्येकींस बोलून सांगतांहि येत नव्हतें. ज्यांस बोलतां येत नाहीं त्यांच्या बाबतींत, सांभाळणारा कोण हें बाहेरच्यांस ठाऊक असणें यापलीकडे दुसरें संरक्षण तें कोणतें उरतें?

या प्रकरणांनंतरचा कायदा पुष्कळ स्पष्ट आहे. प्रत्येक जिल्ह्यास बाल कल्याण समिति, एक अध्यक्ष व चार सदस्य, त्यांत निदान एक स्त्री. सदस्यास संबंधित विषयाची पदवी व मुलांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव, किंवा तो संबंधित विषयाचा पदवीधर व्यावसायिक असावा. २०२१ च्या दुरुस्तीनें, जी १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, अपात्रतेचींहि कारणें नमूद केलीं: बालहक्कांच्या उल्लंघनाचा पूर्वेतिहास, नैतिक अधःपाताच्या गुन्ह्याची शिक्षा, सरकारी नोकरींतून बडतर्फी, आणि त्याच जिल्ह्यांतील बालसंस्थेच्या व्यवस्थापनांत असणें. समितीची स्थापना राजपत्रांतील अधिसूचनेनें व्हावयाची असते, तेव्हां नांव उघड होतें. परंतु तीं सात वर्षें कोठें घालविलीं, पदवी कोणती, हें अधिसूचनेंत लिहिलेंच पाहिजे असें नाहीं. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचें चौथें कलम पाहावें. सरकारी कार्यालयानें आपण होऊन प्रसिद्ध करावयाच्या सतरा बाबी त्यांत आहेत. अधिकारी व कर्मचारी यांची नांवनिशी आहे, त्यांचा मासिक पगार आहे. त्यांचें शिक्षण मात्र त्या सतरांत नाहीं. म्हणजे मुलें सांभाळणाऱ्यास किती वेतन मिळतें हें न विचारतां कळावें, आणि तो त्या वेतनास कशामुळें पात्र झाला हें विचारल्यावरच कळावें. आणि विचारल्यावरहि ‘वैयक्तिक माहिती’ हें उत्तर मिळण्याचा संभव आहेच.

याच ठिकाणीं १८६३ चा क्रम उलटा झालेला दिसतो. २०१५ च्या अधिनियमाचें चौऱ्याहत्तरावें कलम मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास बंदी करितें, मोडणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगतें. हें कलम अत्यंत योग्य आहे व तें ढिलें व्हावें असें कोणीहि म्हणणार नाहीं. पण संस्थेच्या दारावर ‘गोपनीय’ ही पाटी एकदां लागली, म्हणजे तिच्या छायेंत अधीक्षक, काळजीवाहक, चौकीदार हे सर्वच आपोआप गुप्त होतात. मुलाचें पांघरूण पालनकर्त्यानें ओढून घेतलें, असेंच म्हणावें लागतें. जोतीरावांच्या भिंतीवरील कागदास हा भेद नेमका कळला होता.

याविरुद्ध एक आक्षेप येतो व तो दुर्लक्षिण्यासारखा नाहीं. पदव्यांची यादी लावली म्हणजे मायेचें माणूस सांपडतें काय? मुरुडच्या गृहस्थांजवळ कागद कमी होते म्हणून अनर्थ झाला, असें नव्हे; आणि सावित्रीबाईंना आजच्या निवडसमितीपुढें उभें केलें तर अर्जाचे रकाने रिकामे राहतील. आक्षेप खरा आहे. पण पात्रता जाहीर करणें म्हणजे पदवी जाहीर करणें नव्हे. पूर्वीं कोठें काम केलें, तेथून कां निघाला, शिफारस कोणाची, पोलिसांची पडताळणी कोणत्या तारखेची, एवढें चार ओळींचें टिपण उघड असलें कीं ज्यास मागची हकीगत ठाऊक आहे तो पुढें येऊन बोलूं शकतो. पदवीच्या कागदापेक्षां त्या बोलण्याची किंमत अधिक. शारदासदनावर टीका करणाऱ्यांचा हेतु कसाहि असो, त्यांस टीका करितां आली ती नांवें व पत्ते उघड होते म्हणून.

आतां पुन्हा जिते येथें येऊं, कारण या साऱ्या व्यवहारांत एक जागा अशी आहे कीं जेथें खेडें शहराच्या पुढें आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू करून अंगणवाडीची कल्पना रुजविली. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना तेहतीस प्रकल्पांनिशीं सुरू केली, त्यांत मुंबईची धारावी व मेळघाटांतील धारणी हे महाराष्ट्रांतले प्रकल्प होते. अंगणवाडी-सेविका त्याच गांवची रहिवासी असावी, असा नियम आहे. जागा भरावयाची झाली कीं तिची जाहीर सूचना निघते, शिक्षणाची अट त्यांत असते, आलेल्या अर्जांची गुणानुक्रमें यादी लागते, हरकतींस मुदत असते. त्यामुळें जिते काय अथवा पेण-रोह्याकडील दुसरें कोणतें गांव काय, तेथील अगदीं अल्पशिक्षित मातेसहि आपल्या मुलाला खिचडी वाढणारी बाई कितवी शिकली, तिचें माहेर कोणतें, दुसऱ्या कोणास मागें टाकून ती निवडली गेली, हें सारें ठाऊक असतें. हरकत घेणाऱ्यांत भाऊबंदकीचीं भांडणेंहि पुष्कळ निघतात, आणि निवड त्यापायीं रखडतेहि. तरी दिवसाचे कांहीं तास मूल जिच्याकडे असतें तिची एवढी छाननी, आणि ज्या गृहांत तें अहोरात्र, वर्षानुवर्षें राहावयाचें तेथील काळजीवाहकाचें नांवहि त्याच गांवांतील आप्तांस कळूं नये, ही विसंगति लहान नव्हे. विशेषतः पेण-रोह्याच्या डोंगरपट्टींतील कातकरी कुटुंबें दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पावसाळ्याच्या तोंडावर परततात. अशा घरांतलें मूल मधल्या काळांत कोणाच्या हातीं गेलें तर विचारपूस करावयास दाराशीं उभा राहणारा माणूसच नसतो.

संग्राहकांच्या दृष्टीनें या विषयांतील साधनें फार क्षुद्र दिसतात. अनाथगृहांचे वार्षिक अहवाल, देणगीदारांच्या याद्या, नेमणुकीचीं पत्रकें, भिंतीवरच्या जाहिराती हे कागद सनदा-महजरांच्या पंक्तीस कोणी बसवीत नाहीं. वाळवी लागण्यापूर्वींच ते रद्दींत जातात. पण बालकाश्रमांत वाढलेल्या एखाद्या स्त्रीच्या नातवास आपल्या आजीला कोणीं वाढविलें हें शोधावयाचें असेल, तर त्याच्यापुढें दुसरा कागदच नसतो. आजीचें नांव त्यांत नसलें तरी चालेल, नसावेंच. मेट्रनचें, शिक्षिकेचें, वैद्याचें नांव व त्यांच्यापुढें लिहिलेली एक ओळ असली तरी त्यास धागा मिळतो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सेविकेच्या निवडीची जी यादी लागते तीहि याच जातीची होय. ती कोंकणच्या एका पावसाळ्यांत धुवून जाते. तिची एक प्रत पंचायतीच्या दप्तरीं फाईलबंद करण्यास दोऱ्याच्या तुकड्याहून अधिक खर्च लागत नाहीं.